गिरणीतल्या आजोबांचा माग कसा काढावा

घराण्याचा शोध म्हटला की आपण कुलदैवत, मूळ गाव, वंशावळ इथून सुरुवात करतो. ते गावचे भाऊबंद सांगतातच. पण ज्यांनी जन्मभर मुंबईच्या कापडगिरणीत पाळ्या केल्या, त्यांची ओळख त्यांच्या कामात असते. तुमचं माणूस गिरणगावातलं असेल तर सुरुवात कामापासून करा.

माझे आजोबा देवगड तालुक्यातून मुंबईला आले आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, झाले. ते गेल्यावर उरली पत्र्याची एक ट्रंक. तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर रद्दीवाला यायच्या आत उघडा. गिरणीचं ओळखपत्र, पगाराची पावती, फंडाचे कागद, कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड, जे मिळेल ते बाजूला काढा आणि त्यांवर दोन गोष्टी शोधा : तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतला क्रमांक, आणि खातं, म्हणजे गिरणीतला विभाग. आजोबा कोणत्या खात्यात होते हे कळलं की दिवसभर हाताने काय करत होते ते कळतं.

ट्रंक नसेल तर म्हाडाच्या घरासाठी कोणी अर्ज भरला होता का, ते नातेवाइकांना विचारा. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेल्यांसाठी ती घरं होती. त्या अर्जासाठी लोकांनी जुने पुरावे गोळा केले होते. आमची फाईल चुलत काकांच्या माळ्यावर मिळाली.

मग माणसांकडे वळा. ‘तेव्हा कसं होतं?’ असं मात्र विचारू नका. मी आत्याला तसंच विचारलं, तर ती म्हणाली, ‘कष्टच गो, दुसरा काय!’ आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘आत्या, आजोबा रात्रपाळीवरून आले की आधी काय करायचे?’ लगेच म्हणाली, ‘बाबा घराक इले की पयले गॅलरीत उभे रवान केस झाडीत.’ कापसाची पांढरी बारीक धूळ घरात नको म्हणून. मग धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, भोकातून दोरा कसा बाहेर काढायचे ते तिने ओठांचा चंबू करून, श्वास आत ओढून दाखवलं. दिवसभर तोंडाने धोटा चोखायचा आणि प्रत्येक ओढीबरोबर कापूस छातीत जायचा. आजोबांचा खोकला मला त्या क्षणी समजला. त्यांचं मोठ्याने बोलणंही. साचेखात्याच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नसे, खाणाखुणांनी बोलावं लागे. आम्ही मुलं समजायचो, ते चिडलेत.

अशा वेळी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण आधी विचारून. साचा (माग), कांडी (धोट्यातली दोऱ्याची नळी), त्रासन (सूत कातायचं खातं), जॉबर (मुकादम), बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेला कामगार), भोंगा हे शब्द त्यांच्या तोंडून येतील तसेच लिहा, सुधारू नका.

बायकांना विसरू नका. गावी राहून भातशेती ओढणारी आजी गिरणीच्या एकाही कागदावर नसते. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचंही तसंच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी. तुमच्या घरात कोणी डबे केले असतील तर चाळीतल्या जुन्या शेजारणींना विचारा, भाजी कोणती आणि किती माणसं जेवायला होती इथपर्यंत.

गावाच्या मंडळाची मुंबईत खोली असेल तर वर्गणीच्या वह्या पाहा. आमच्या मंडळाच्या १९५४च्या वहीत आजोबांच्या नावापुढे चार आणे आहेत. गावी शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसील कार्यालयातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं पुस्तक, बघा. नोंदी मोडी लिपीत असतील तर वाचणारा माणूस सोबत न्या.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाचं शेवटी विचारा. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे कुठेही वाचायला मिळतं. त्या वर्षी घरातलं काय विकलं, कोणाची शाळा सुटली, हे मात्र घरातच कळतं. आत्याची सुटली होती. ते सांगताना ती थांबली, तेव्हा मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि चहा ठेवला. दोन महिने तो विषय काढला नाही. पुढे तिनेच काढला.

जुने फोटो घरातल्या अशा जुन्या माणसासमोर बसून बघा आणि नावं मागच्या बाजूला लगेच लिहा. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.