सोलापूरच्या उन्हात फ्लो सायटोमेट्री: रक्तातल्या पेशी ओळखायच्या आणि वेगळ्या काढायच्या कशा

फ्लो सायटोमेट्री म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरनं नेऊन ओळखायचं तंत्र. पहिली गोष्ट, प्रोटोकॉलमधल्या (कामाच्या लेखी पद्धतीतल्या) 'रूम टेम्परेचर'वर डोळे झाकून जाऊ नका बरं का. ते २० ते २५ डिग्री, आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४० च्या वर असतंय. होटगी रोडवरनं गाडीच्या डिकीत ट्यूब आणली की काम तिथंच बिघडलं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (ईडीटीए रक्त गोठू देत नाही) थर्माकोलच्या डब्यात आणायची, बर्फाला चिकटवायची नाही, आणि त्याच दिवशी लावायची.

१०० मायक्रोलिटर रक्त घ्या, त्यात चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी टाका, त्या पेशीवरच्या ठरावीक खुणांना (त्यांना सीडी नंबर असतात) चिकटतात; सीडी४५, सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी१४ एवढ्या सुरुवातीला बास. १५-२० मिनिटं अंधारात ठेवा, मग अमोनियम क्लोराईड टाकून लाल पेशी फोडायच्या, दहाएक मिनिटात गढूळ रंग जाऊन पारदर्शक लाल दिसतंय. मग सेंट्रिफ्यूज, पीबीएसनं (मिठाच्या बफर पाण्यानं) धुवा, झालं. पुढं सॉर्टिंग करून (पेशी वेगळ्या काढून) जिवंत पेशी पाहिजे असतील तर फिक्सेटिव्ह (पेशी आहे तशी गोठवणारं रसायन) असलेलं लायसिंग म्हणजे लाल पेशी फोडायचं सोल्युशन वापरू नका, त्यात पेशी मरतात, ही चूक मी स्वतः केलीय आणि अख्खा दिवस गेला.

आता मशीनवर. पुष्कळ पोरं नुसत्या फॉरवर्ड स्कॅटर (पेशीचा आकार) आणि साइड स्कॅटरवर (आतला दाणेदारपणा) गेट, म्हणजे निवडीची चौकट, मारून मोकळी होतात, तसं करू नका, कचरा आणि न फुटलेल्या लाल पेशी लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) गेटमध्ये येऊन बसतात. आधी सिग्नलचा एरिया विरुद्ध हाइट लावून जोड्या (एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी) काढून टाका, नाहीतर एकाच पेशीवर सीडी३ आणि सीडी१९ दोन्ही दिसतंय आणि आपण नवीन शोध लागला म्हणून नाचतो! मग मेलेल्या पेशी ७-एएडीनं (हा रंग मेलेल्या पेशीतच शिरतो) काढा. मग सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटर: सीडी४५ जास्त आणि स्कॅटर कमी ते लिम्फोसाइट, त्याच्या वर मोनोसाइट (हा पण पांढऱ्या पेशींचाच प्रकार), सगळ्यात वर सीडी४५ जरा कमी असलेला मोठा ढग ग्रॅन्युलोसाइटचा.

लिम्फोसाइटमध्ये सीडी३ असलं तर टी पेशी, सीडी१९ असलं तर बी पेशी. सीडी४ मात्र एकट्यानं बघायचं नाही कधी, मोनोसाइटवर पण ते फिकट असतंय, म्हणून सीडी३ सोबतच बघायचं. एनके (नॅचरल किलर) पेशी पाहिजे असतील तर सीडी५६ पण टाका, सीडी३ नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या त्या. कॉम्पेन्सेशनसाठी (एका रंगाचा उजेड दुसऱ्या रंगाच्या मोजणीत सांडतो, तो वजा करायला) प्रत्येक रंगाची एकेक वेगळी ट्यूब लागतेच, कंटाळा करू नका.

सॉर्टिंगला मशीन धार थेंबाथेंबात फोडतं, पाहिजे त्या पेशीच्या थेंबाला चार्ज देऊन बाजूच्या ट्यूबमध्ये वळवतं. त्याआधी सॅम्पल ४० मायक्रॉन जाळीतनं गाळा, नोझल (धार निघते ते तोंड) तुंबलं की गेलं सगळं. लिम्फोसाइटला ७० मायक्रॉन नोझल चालतं, नाजूक पेशींना १०० चं, प्रेशर कमी ठेवून. खालच्या ट्यूबला आतनं सीरम फिरवून घ्या, पेशी भिंतीला चिकटत नाहीत. आणि सॉर्ट झाल्यावर त्यातलंच थोडं परत मशीनला लावून प्युरिटी (पाहिजे त्याच पेशी किती आहेत) बघा, ते बघितल्याशिवाय ट्यूब पुढं कुणाच्या हातात देऊ नका.