चोरीच्या मालाला कागद कुठे मिळतो, ते कसं शोधायचं

सोनं असो, लाकूड असो, कोळसा असो की मासे. माल चोरीचा असेल तर त्याच्या प्रवासात एक जागा अशी येतेच, जिथे त्याला खरा वाटेल असा कागद मिळतो. गेली अकरा वर्षं मी ही जागा शोधण्याचं काम करते आहे. सीमाशुल्काच्या नोंदी, खाणींचे परवाने, जहाजांची बदललेली नावं यांतच माझे दिवस जातात. नवे पत्रकार आणि संशोधक विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बहुतेकांना आधी खाणीवर जायचं असतं. मी त्यांना थांबवते. तिथे भेटतो तो कमरेपर्यंत चिखलात उभा असलेला मजूर, आणि सगळ्या पैशातला सर्वात लहान वाटा त्याचा असतो. टोळी स्वतः क्वचितच खणते. ती वाट अडवते. डिझेल आणि पारा कोण आणतो, धावपट्टी कोणाची, नदीवरचा धक्का कोणाच्या ताब्यात, एवढं हातात असलं की पोत्यामागे वसुली करता येते. काँगोतल्या रुबाया इथल्या कोल्टनच्या (मोबाइलसारख्या यंत्रांत लागणारं खनिज) खाणी २०२४ मध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या हिशोबाप्रमाणे तिथल्या उत्पादनावर आणि व्यापारावर लावलेल्या वसुलीतून या गटाला महिन्याला किमान ८ लाख डॉलर मिळत होते. सोमालियात अल-शबाब या सशस्त्र संघटनेने लाकडी कोळशाच्या ट्रकांकडून नाक्यांवर असाच पैसा घेतला. म्हणून पहिला नकाशा खाणींचा काढू नका. रस्ते, नाके, इंधनाचे साठे आणि धक्के यांचा काढा.

आता कागद. इथे घाई करू नका, कारण काळ्याचं पांढरं इथेच होतं.

ब्राझीलचं उदाहरण मी प्रत्येकाला देते. तिथल्या २०१३ च्या कायद्याने सोनं विकणाऱ्याने ते कुठल्या परवान्याच्या जागेतलं आहे हे फॉर्मवर लिहून द्यायचं आणि घेणाऱ्याने ते सद्भावनेने खरं मानायचं, अशी सोय केली होती. यानोमामी आदिवासींच्या जमिनीतून उपसलेलं सोनं दूरच्या एखाद्या कायदेशीर खाणीच्या नावावर सहज चढत असे. जानेवारी २०२३ मध्ये त्या प्रदेशात आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा हजारो बेकायदा खाणकामगार तिथे होते आणि उपासमारीने खंगलेल्या मुलांची छायाचित्रं जगाने पाहिली. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सद्भावनेची तरतूद स्थगित केली. एका सहीवर एवढं सगळं तगून होतं, याचा राग मला अजून येतो.

यातून शिकण्याची पद्धत सोपी आहे. परवान्याचा क्रमांक घ्या, त्याची हद्द नकाशावर टाका आणि उपग्रहाची चित्रं उघडा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. कागदावर त्या जागेतून कित्येक किलो सोनं निघालंय, पण चित्रात जंगल अखंड आहे, एकही खड्डा नाही? मग ती खाण फक्त कागदावर आहे. शेजारच्या संरक्षित जमिनीकडे पाहा. खड्डे तिथे सापडतील.

लाकडाच्या बाबतीत बेरीज करा. एकाच परवान्यावर निघालेले सगळे वाहतूक-पास गोळा करा, घनमीटर मिळवा आणि मंजूर तोडीशी ताडून पाहा. लंबर लिक्विडेटर्स या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये बेकायदा लाकडाच्या आयातीचा गुन्हा कबूल केला. त्या खटल्यात एक परवाना असा होता, ज्याच्या नावावर मंजुरीपेक्षा ८०० टक्क्यांहून जास्त लाकूड आलं होतं. रशियाच्या अतिपूर्वेकडचा मंगोलियन ओक तिथे वेल्श ओक म्हणून नोंदवला होता. तेव्हा झाडाची जात आणि देश एकत्र वाचा. ती जात त्या देशात उगवते का, हा प्रश्न भल्याभल्यांना सुचत नाही.

पुढची पायरी दोन्ही देशांच्या नोंदी समोरासमोर ठेवण्याची. सोन्यासाठी ७१०८ हा सीमाशुल्क संकेतांक, ओंडक्यांसाठी ४४०३. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड माहितीसाठ्यात पाहा: पाठवणारा किती म्हणतो, घेणारा किती म्हणतो. स्विसएड संस्थेने अशाच तुलनेतून अंदाज मांडला की २०२२ मध्ये आफ्रिकेतून किमान ४३५ टन सोनं नोंदीविना बाहेर गेलं. त्यातलं बहुतेक संयुक्त अरब अमिरातीत पोचलं.

इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. किमतीतला फरक पाहिला, चोरी ठरवली, लेख लिहून मोकळी झाले. आयातीच्या किमतीत जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या किमतीत बहुधा नसतो, हे मी विसरले. शिवाय डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत, म्हणजे पुढच्या वर्षात नोंदला गेला होता. एका प्रामाणिक निर्यातदाराला त्याचा त्रास झाला. मी चूक छापून दुरुस्त केली, पण झालेलं नुकसान भरून आलं नाही. तेव्हापासून मी किंमत बाजूला ठेवून वजन ताडते, तेही तीन-चार वर्षांचं. तरीही फरक उरला, मगच म्हणते की पाणी मुरतंय.

समुद्रावर नावाला भुलू नका. थंडर या मासेमारी जहाजाने अनेकदा नाव आणि झेंडा बदलला. सी शेफर्ड या सागरी संरक्षण संस्थेच्या जहाजाने अंटार्क्टिकपासून ११० दिवस पाठलाग केल्यावर ६ एप्रिल २०१५ रोजी थंडर पश्चिम आफ्रिकेच्या साओ टोमे बेटाजवळ बुडालं. रंग, नाव, मालक बदलतात, आयएमओ क्रमांक (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक) मात्र जहाज असेपर्यंत तोच राहतो. शोध त्या क्रमांकावरून घ्या.

कंपन्यांचे पत्ते, संचालक आणि नोंदणीची तारीखही तपासा. महिन्यापूर्वी जन्मलेली कंपनी टनांनी सोनं विकत असेल तर तिथे थांबा.

आणि माणसं जपा. ५ जून २०२२ रोजी ब्राझीलच्या जावारी खोऱ्यात आदिवासींचे अभ्यासक ब्रूनो पेरेरा आणि पत्रकार डॉम फिलिप्स यांना मारलं गेलं. आरोप बेकायदा मासेमारीशी जोडलेल्या लोकांवर ठेवले गेले. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या मोजणीत २०२३ या एका वर्षात जमीन आणि पर्यावरण राखणारे १९६ जण मारले गेले. तुम्ही परत याल, माहिती देणारा तिथेच राहणार आहे. छायाचित्रातली जागेची नोंद पुसा. गावाचं नाव गाळा. छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवा, आणि त्याने एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कारण न विचारता काढा.