सकाळचा बास्केटबॉल सामना आणि त्याआधीची न्याहारी

रात्रीच्या जेवणानंतर नऊ-दहा तास पोटात काही गेले नाही, तर यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा बराच खाली आलेला असतो. स्नायूंमधला साठा मात्र झोपेत फारसा खर्च होत नाही. म्हणूनच उपाशी उतरलेला खेळाडू पहिल्या क्वार्टरमध्ये बहुधा व्यवस्थित धावतो आणि न्याहारी टाळली तरी चालते, असा त्याचा समज होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना १० मिनिटांच्या ४ क्वार्टरचा असतो. त्यात पुन्हा पुन्हा वेगाने धावणे, उड्या मारणे आणि क्षणात दिशा बदलणे यांसाठी स्नायू मुख्यतः कर्बोदकेच वापरतात, तर मेंदूला रक्तातील साखर सतत लागते. ती साखर टिकवणारा यकृतातील साठा अपुरा असेल, तर शेवटच्या क्वार्टरमध्ये, नेमका पास कोणाला द्यावा हे ठरवण्याच्या वेळी, थकवा लवकर जाणवू शकतो.

सामन्याची वेळ धरून न्याहारी ठरवावी. क्रीडा-आहारशास्त्रात सामन्याआधी १ ते ४ तासांच्या अवधीत शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सर्वमान्य सल्ला आहे. वेळ जितका कमी, तितके प्रमाण कमी ठेवावे. सामना दहा वाजता असेल, तर साडेसातच्या सुमारास कमी तेलातले पोहे किंवा उप्पीट, सोबत एक उकडलेले अंडे आणि पेलाभर पाणी पुरेसे आहे. सामना सातलाच असेल, तर पहाटे उठून भरपेट खाण्याची गरज नाही. आदल्या रात्री भात किंवा भाकरी नीट जेवावी आणि सकाळी सहाच्या आत दोन केळी खावीत. त्यांतून सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे ५० किलो वजनाच्या खेळाडूला किलोमागे १ ग्रॅम. गूळ लावलेली चपातीही चालते, आणि चांगला गूळ कोल्हापुरात शोधावा लागत नाही.

मिसळीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण रविवारी सकाळी सामन्याला निघालेला संघ वाटेत मिसळीसाठी थांबणे आपल्या शहरात अगदी स्वाभाविक आहे. कटावरची तर्री आणि फरसाण यांतील तेलामुळे अन्न जठरात जास्त वेळ राहते, आणि तिखटामुळे धावताना छातीत जळजळ होऊ शकते. मिसळ सामना संपल्यावर मनसोक्त खावी. म्हशीच्या दुधाचेही तसेच आहे. त्यात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. पैलवानांच्या खुराकात त्याला मानाचे स्थान असले, तरी सामन्याच्या तासभर आधी पेलाभर दूध पोटात जड होते. कोल्हापुरातल्या गंगावेशीत मिळणारे धारोष्ण दूध न उकळलेले असते, त्यामुळे सामन्याच्या दिवशी पोट बिघडण्याचा धोका मुळीच पत्करू नये.

काही मुलांना सामन्याच्या ताणामुळे घास गिळवत नाही. अशांना आग्रह करून खाऊ घालण्याऐवजी साय काढलेल्या, उकळून गार केलेल्या दुधातले पातळ शिकरण थोडे थोडे द्यावे. मात्र कोणताही नवा पदार्थ प्रथम सरावाच्या दिवशीच खाऊन पाहावा, आणि खाल्ल्यानंतर किती वेळाने पोट हलके वाटते, याची नोंद प्रशिक्षकांनी प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी ठेवावी.