एआयकडून उत्तर नको, प्रश्न मागा

दहावीच्या पोरांच्या हातात फोन दिला की स्वाध्यायातला प्रश्न जसाच्या तसा एआयला जातो आणि आलेलं उत्तर वहीत उतरतं. अक्षर तेवढं पोराचं. आमच्या घरी महिनाभर हेच चाललं होतं.

म्हणून आधी एआयचीच परीक्षा घ्या, लेकरासमोर. तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलं काहीतरी विचारा. मी विचारलं, आमच्या कोल्हापूरची पंचगंगा कोणकोणत्या नद्यांची? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती बरोबर आल्या. गुप्त सरस्वतीच्या जागी वारणा बसवलेली, तीही ठामपणे. वारणा कुठं आणि पंचगंगा जिथं सुरू होते ते प्रयाग चिखली कुठं! पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत ही साधनं वाक्य जुळवतात, त्यामुळे चुकतानाही अडखळत नाहीत. लेकीनं हे डोळ्यांनी बघितलं आणि माझी निम्मी बडबड वाचली.

वयाचंही बघा. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्यांसाठी नाही, १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. नाव, शाळा, बैठक क्रमांक काही टाकायचं नाही.

आता खरं काम. उत्तर आधी वहीत, पेनानं, जमेल तसं. मगच एआयला लिहायचं: "मी कोल्हापूरची, दहावी, मराठी माध्यम. खाली माझं उत्तर आहे. बरोबर उत्तर सांगू नकोस. चूक असेल तिथं एका वेळी एकच प्रश्न विचार. उदाहरणं इकडची दे."

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर लेकीनं लिहिलं होतं, चंद्रावर वस्तुमान एक षष्ठांश होतं. प्रश्न आला: १० किलोचा गुळाचा रवा (ढेप) चंद्रावर नेला, तर त्यातला गूळ कमी होईल का? "कमी कसा होईल?" म्हणाली आणि गप्प झाली. मग स्वतःच खोडलं. वस्तुमान तेवढंच, वजन एक षष्ठांश. याला १० मिनिटं गेली. घाई असेल त्या दिवशी हे उघडूच नका.

त्यानंतर बालभारतीचं पुस्तक काढून व्याख्या ताडून बघायची, कारण पेपरात पुस्तकातलीच संज्ञा लिहिलेली बरी. एआय मधूनच 'वस्तुमान'चं 'द्रव्यमान' करतं, ते हिंदीतलं.

निबंध मात्र आम्ही मागवत नाही. जोतिबाच्या यात्रेवर एकदा मागवून पाहिला. सासनकाठ्या होत्या, चांगभलं होतं, पण वाचून अंगाला गुलाल काही लागला नाही. शेवटी लेकीनं स्वतःच लिहिला, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या एआयकडून शोधून घेतल्या.