स्टेगोडॉनची दाढ ओळखायची कशी?

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये स्टेगोडॉन गणेशा या हत्तीच्या नामशेष भाऊबंदाच्या कवटीसमोर माणूस सुळे बघूनच थबकतो. ते आहेतच तसे लांबलचक. पण मी माझ्या भूशास्त्राच्या मुलांना आधी दाढेकडे वळवते. हत्तीच्या भाऊबंदांत सुळे अनेकांना होते; हा प्राणी स्टेगोडॉनच्याच नामशेष कुळातला, हे दाढ सांगते.

दाढ वरून बघू नका. खाली वाका आणि डोळे तिच्या पातळीला आणा. उतरत्या छपरांची रांग असावी तसे बुटके आडवे कंगोरे आणि मध्ये उघड्या खाचा दिसल्या, की समजा स्टेगोडॉन. आजच्या हत्तीच्या दाढेत उंच, पातळ पट्ट्या अगदी खेटून असतात, मधली जागा सिमेंट या दंतघटकाने भरलेली आणि माथा जवळजवळ सपाट. गोम्फोथेर या हत्तीच्या आणखी एका नामशेष नातलगाच्या दाढेवर मोजकेच जाडजूड उंचवटे; ते झिजले की तीन पाकळ्यांची नक्षी उमटते.

आता टॉर्च बाजूने, तिरका धरा. कोरा कंगोरा सापडला तर त्याच्या माथ्यावर बारीक टेंगळांची ओळ दिसेल. मला सगळ्यात आवडणारी खूण हीच! झिजलेल्या कंगोऱ्यावर ती टेंगळं जाऊन जाड एनॅमलची, म्हणजे दाताच्या कठीण कवचाची, नागमोडी कड उरते. हत्तीसारख्याच याच्याही दाढा जबड्यात मागून पुढे सरकत, म्हणून झीज पुढून सुरू होते. जास्त झिजलेलं टोक ते पुढचं. कंगोरे जरूर मोजा, पण तुकडा मोडका असेल तर त्या आकड्यावरून जात ठरवू नका.

दाढ बुटकी म्हणून प्राणी फक्त झाडपाला खायचा, असंही धरून चालू नका. जावातल्या स्टेगोडॉनच्या एनॅमलमधल्या कार्बनने तिथे गवत खाल्ल्याचा पुरावा दिला आहे.

हिमाचलात साकेतीला, मार्कंडा नदीच्या परिसरात किंवा नर्मदेच्या खोऱ्यात अशी दाढ उघडी पडलेली दिसली तर उपटू नका. कुठल्या थरातून आली हे कळलं नाही, तर तिचं वय सांगणं अवघड होतं. शेजारी मोजपट्टी ठेवून बाजूने, वरून आणि थरासकट फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात कळवा.