डिस्चार्ज कार्डाचे पहिले पान गावच्या डॉक्टरांसाठी लिहा

मोठ्या बालरुग्णालयातून घरी परतलेल्या मुलाची फाइल बहुधा आईच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. रात्री ताप चढला तर ती मुंबई-पुण्याची गाडी शोधत बसत नाही, तर तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाते आणि ती पिशवी टेबलावर रिकामी करते. तिथे रक्ततपासण्यांच्या डझनभर प्रती निघतात, पण ‘ताप आल्यास काय करावे’ ही एक ओळ मात्र सापडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मुले तपासताना हे मी वारंवार पाहिले आहे आणि त्याची किंमत मूल मोजते, म्हणून मोठ्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना माझी पहिली विनंती ही की डिस्चार्ज कार्डाचे पहिले पान गावच्या डॉक्टरांसाठी लिहावे.

त्या पानावर निदान, सध्याची औषधे, काय करू नये, मुलाला केव्हा परत पाठवावे आणि फोन कोणाला करावा, एवढे आले पाहिजे. रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू असलेले मूल घ्या. त्याला १०१ अंश फॅरनहाइट ताप आला तर पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता धरून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. गुदद्वारातून तापमान घेऊ नये किंवा औषध देऊ नये, आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर स्नायूत इंजेक्शन टोचू नये. हे सारे कर्करोग विभागाला पाठ असते, पण वर्षातून असे एखादेच मूल पाहणाऱ्या डॉक्टरांना ते आठवेलच असे नाही. म्हणून अँटिबायोटिकचे नाव आणि मुलाच्या वजनानुसार डोस आधीच लिहून द्यावा, म्हणजे पहिला डोस गावातच देऊन मुलाला पुढे पाठवता येईल.

औषध मिलिग्रॅम आणि मिलिलिटर अशा दोन्ही मापांत लिहावे आणि बाटलीची तीव्रता नोंदवावी. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅमचे मिळते. नुसते ‘५ मिली’ लिहिले आणि घरी वेगळी बाटली आली तर डोस कित्येक पटींनी बदलतो.

स्टेरॉइडबाबत ‘हळूहळू कमी करणे’ असे मोघम लिहू नये. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या (लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येणारा मूत्रपिंडाचा आजार) पहिल्या खेपेला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड दिले जाते. तेव्हा कोणत्या तारखेपासून किती गोळ्या, हे तारखांसह लिहावे. मोठ्या डोसचे स्टेरॉइड चालू असताना गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी लांबवाव्या लागतात, आणि कावासाकी आजारात (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडे शिरेतून दिल्यावर गोवराच्या लसीसाठी साधारण ११ महिने थांबावे लागते. ती तारीख बाळाच्या लसीकरण कार्डावरच लिहिली तर परिचारिकेलाही दिसते.

आता आपली, म्हणजे मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांची बाजू. ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ या एका ओळीच्या चिठ्ठीतून रुग्णालयाला काहीच कळत नाही. आजचे आणि मागच्या काही महिन्यांतले वजन, दिलेली औषधे व त्यांची वेळ, झालेल्या लसी आणि मुख्य म्हणजे आपला प्रश्न स्पष्ट लिहावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत किंवा शाळेत मुलाची तपासणी केली असेल, तर ती नोंदही सोबत जोडावी.

फोन नंबर चौकशी खिडकीचा नको, त्या विभागाचा हवा. बोलणे झाल्यावर कोण, केव्हा, काय म्हणाले ते दोन्हीकडच्या कागदांवर उतरवावे. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवायचा असेल तर पालकांची संमती घ्यावी आणि तो गटात टाकू नये.

सर्वांत जास्त निसटतात ते डिस्चार्जनंतर येणारे रिपोर्ट. रक्ताच्या कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी) अंतिम निकाल यायला काही दिवस लागतात आणि तोवर मूल घरी गेलेले असते. त्यासाठी कोणता रिपोर्ट बाकी आहे, तो कोणत्या तारखेला अपेक्षित आहे आणि तो पाहून गावच्या डॉक्टरांना फोन करण्याची जबाबदारी कोणाची, हे पहिल्या पानाच्या तळाशी नावासह लिहावे, आणि मूल वॉर्डमधून निघण्यापूर्वी ती ओळ आईला मराठीत वाचून दाखवावी.