ग्राफक्यूएलचा जेसन सिरियलायझर बदलताय? आधी या चुका टाळा

"पॅकेज बदलायचं, एक ओळ बदलायची, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." ग्राफक्यूएल डॉट नेट वापरणाऱ्या टीममध्ये न्यूटनसॉफ्टवरून सिस्टम टेक्स्ट जेसनवर जायचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. (ग्राफक्यूएल म्हणजे क्लायंटने, म्हणजे ॲपने किंवा ब्राउझरने, हवा तेवढाच डेटा सर्व्हरकडे मागायची भाषा. न्यूटनसॉफ्ट आणि सिस्टम टेक्स्ट जेसन हे सिरियलायझर, म्हणजे डॉट नेटमधला डेटा जेसन मजकुरात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लायब्ररी.) ओळ एकच बदलते हे खरं आहे. स्टार्टअपमध्ये "ॲड न्यूटनसॉफ्ट जेसन" असतं, तिथे "ॲड सिस्टम टेक्स्ट जेसन" येतं. बिल्ड होतो, टेस्ट हिरव्या होतात आणि डिप्लॉय होतं. त्यानंतरचा आठवडा माझ्यासारख्याच्या वाट्याला येतो.

सिस्टम टेक्स्ट जेसन सप्टेंबर २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.० बरोबर आलं. ते वेगवान आहे, स्ट्रीमवर असिंक लिहितं, आणि नव्या कामासाठी मी तेच घेतो. पण न्यूटनसॉफ्ट बोलून न दाखवता वर्षानुवर्षं बरंच सांभाळून घेत आलंय, आणि आपले क्लायंट त्या सांभाळून घेण्यावर उभे आहेत.

४.० आणि ४ एकच आहेत असं समजणं

ही चूक मी स्वतः प्रॉडक्शनमध्ये नेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप होतं. सर्व्हर डॉट नेटचा, मधे ग्राफक्यूएल, मोबाइलवर फ्लटर. शेतकरी सकाळी कॅन घेऊन येतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजतं, आकडे सर्व्हरला जातात आणि दर लावून पावती परत येते. आम्ही सिरियलायझर बदलला, सगळ्या टेस्ट पास झाल्या, रात्री डिप्लॉय केलं. पहाटे साडेपाचला फोन सुरू झाले. ॲप काही शेतकऱ्यांच्या पावतीवर बंद पडत होतं आणि बाकीच्यांच्या पावत्या व्यवस्थित निघत होत्या. एकाच केंद्रावर, एकाच फोनवर एकाची पावती निघते आणि त्याच्या मागच्याची अडकते. बाहेर रांग, कॅनमध्ये दूध, आणि मी घरी लॉग चाळतोय.

लॉगमध्ये सर्व्हरची एकही चूक नव्हती. दोन तासांनी नमुना दिसला: ज्यांची फॅट ३.८ किंवा ४.२ होती त्यांचं सुरळीत होतं, ज्यांची बरोबर ४.० आली त्यांचं ॲप पडत होतं.

कारण साधं आहे. डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) मधली पूर्णांकी किंमत न्यूटनसॉफ्ट "४.०" अशी लिहितं, सिस्टम टेक्स्ट जेसन नुसतं "४" लिहितं. जेसनच्या दृष्टीने दोन्ही बरोबर, ग्राफक्यूएलच्या फ्लोट प्रकारालाही दोन्ही चालतात. पण मोबाइलवर डार्टचा जेसन डिकोडर "४.०" वाचला की डबल देतो आणि "४" वाचला की इंट, म्हणजे पूर्णांक. ॲपमध्ये "ॲज डबल" असं सरळ कास्ट होतं, तिथे ते कोसळलं.

आणि टेस्ट का पास झाल्या? आमचा सगळा टेस्ट डेटा गायीच्या दुधाच्या मूळ दराच्या प्रतीवर बेतलेला होता: ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ. दोन्ही आकडे अपूर्णांकी. महाराष्ट्रात दुधाचा दर याच प्रतीवर बोलला जातो, म्हणून ज्याने टेस्ट लिहिल्या त्याच्या हातून तेच आकडे आले.

क्लायंटमध्ये योग्य उपाय असा: किंमत आधी "नम" (डार्टमधला इंट आणि डबल दोन्ही चालणारा प्रकार) म्हणून घ्यायची आणि मग डबल करायची. पण गावोगावच्या फोनवरची ॲप त्या सकाळी अपडेट होणार नव्हती. म्हणून सर्व्हर जुन्या पॅकेजवर परत नेला, ॲपची नवी आवृत्ती सोडली, बहुतेकांकडे ती पोचेपर्यंत थांबलो आणि मगच पुन्हा बदल केला. थांबायला दीड महिना लागला. "क्लायंटची चूक आहे, आमचं जेसन वैध आहे" असं म्हणणारे मला भेटतात. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतात, पण रांगेत कॅन घेऊन उभा असलेला माणूस त्यांच्या हिशेबात नसतो.

तेव्हापासून माझ्या टेस्ट डेटात प्रत्येक फ्लोटसाठी एक पूर्ण आकडा, एक शून्य आणि एक ऋण आकडा असतोच.

जेसन-इग्नोर: नाव तेच, माणूस दुसरा

दुसरी चूक शांतपणे होते, म्हणून मला जास्त भीती हिचीच वाटते. "जेसन इग्नोर" हे ॲट्रिब्यूट, म्हणजे "ही प्रॉपर्टी जेसनमध्ये लिहू नकोस" असं सांगणारी कोडमधली खूण, दोन्ही लायब्ररींत आहे. नाव अक्षरशः सारखं, नेमस्पेस वेगळं. सिस्टम टेक्स्ट जेसन न्यूटनसॉफ्टच्या ॲट्रिब्यूटकडे बघतही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. जी प्रॉपर्टी काल लपलेली होती ती आज उत्तरात जाते.

ग्राफक्यूएलवाले यावर म्हणतात, "आमच्याकडे स्कीमा आहे, स्कीमात नसलेलं बाहेर जाऊच शकत नाही." साध्या ऑब्जेक्ट टाइपसाठी हे बरोबर आहे. पण बहुतेक जुन्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी "जेसन" नावाचा एक सैल स्केलर (ज्याच्या आतली फील्ड स्कीमात लिहिलेली नसतात असा प्रकार) असतो, ज्यातून अख्खा सी-शार्प ऑब्जेक्ट तसाच बाहेर पडतो. किंवा रिस्पॉन्सच्या एक्स्टेन्शन्स या जादा भागात कुणीतरी स्वतःचा क्लास टाकलेला असतो. तिथे स्कीमाची राखण संपते आणि काय लिहायचं ते सिरियलायझर ठरवतो.

दुसऱ्या एका कामात ऑर्डरच्या तपशिलाचा असा स्केलर होता. त्यात पुरवठादाराची खरेदी किंमत जेसन-इग्नोर लावून ठेवलेली. सिरियलायझर बदलल्यावर ती दोन दिवस ग्राहकांच्या ब्राउझरपर्यंत जात होती. स्क्रीनवर दिसत नव्हती, पण नेटवर्क टॅब उघडणाऱ्या कुणालाही वाचता आली असती. लक्षात आलं ते रिस्पॉन्स जरा जाड का झाला हे बघताना.

"न्यूटनसॉफ्टचं पॅकेज काढून टाका, कंपायलरच सगळं दाखवेल," हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. दुसरं एखादं पॅकेज न्यूटनसॉफ्टला आपल्याबरोबर आत आणतं आणि कोड निवांत कंपाइल होतो. मी अख्ख्या रेपोत "युझिंग न्यूटनसॉफ्ट" शोधतो आणि सापडलेली प्रत्येक फाइल हाताने उघडतो. कंटाळवाणं काम आहे, एका दुपारीत होतं. ते कामावर नव्याने आलेल्या मुलावर सोपवू नका, कारण कुठली प्रॉपर्टी का लपवली होती हे त्याला माहीत नसतं.

"जेसन प्रॉपर्टी" ॲट्रिब्यूटने दिलेली नावंही अशीच गळतात, पण तिथे क्लायंट लगेच ओरडतो. पब्लिक फील्डही लक्षात ठेवा: न्यूटनसॉफ्ट ती लिहितं, नवं लिहीत नाही. कुणी व्हॅल्यू टपल परत करत असेल तर त्याच्या जागी रिकामे महिरपी कंस मिळतील.

मराठी मजकूर पाहून घाबरणं

बदलानंतर कच्चा रिस्पॉन्स उघडला की "वसंत"च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार-चार हेक्स आकड्यांची माळ दिसते. मग "डेटा खराब झाला" म्हणून डेटाबेसचं कोलेशन तपासायला घेतात. डेटाला काहीही झालेलं नाही. सिस्टम टेक्स्ट जेसनला तुम्ही स्वतःचे ऑप्शन्स दिले आणि एन्कोडर (कोणतं अक्षर कसं लिहायचं ते ठरवणारा भाग) सांगितला नाही, तर ते आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांबाहेरचं, प्रत्येक अक्षर असं "एस्केप" करून लिहितं. फोन नंबरातलं अधिकचं चिन्हसुद्धा त्यातून सुटत नाही. कोणताही धड जेसन पार्सर ते परत मूळ अक्षरात आणतो.

त्रास वेगळा आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, या रूपात ६ बाइटचं. मराठी नावांनी भरलेल्या यादीचा मजकूर दुप्पट होतो, आणि लॉगमध्ये शेतकऱ्याचं नाव शोधून सापडत नाही.

इथे घाईचा माणूस "अनसेफ रिलॅक्स्ड जेसन एस्केपिंग" लावून मोकळा होतो. नावात "अनसेफ" आहे ते उगाच नाही. कोनी कंस आणि अँपरसँड त्यात तसेच जातात. तुमचं जेसन कुणी एचटीएमएल पानाच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये ओतत असेल, तर तिथे दार उघडं राहतं. मी एन्कोडर हाताने बनवतो आणि त्याला बेसिक लॅटिन व देवनागरी असे दोनच टप्पे देतो. ₹ चिन्ह आणि काही कीबोर्ड "र्‍य"साठी घालतात तो झिरो विड्थ जॉइनर देवनागरी टप्प्यात येत नाहीत, म्हणून ते एस्केप होतच राहतात. होऊ द्या.

व्हेरिएबल्स हाताने वाचणं

जुन्या प्रोजेक्टमध्ये एक हाताने लिहिलेला कंट्रोलर असतो, जो रिक्वेस्टमधली व्हेरिएबल्स "स्ट्रिंग ते ऑब्जेक्ट" अशा डिक्शनरीत वाचतो. न्यूटनसॉफ्टमध्ये त्यातून साध्या किंमतींना खरे स्ट्रिंग आणि लाँग मिळायचे. आता प्रत्येक किंमत "जेसन एलिमेंट" बनून येते आणि स्केलर म्हणतो, हे मला ओळखता येत नाही. लोक मग प्रत्येक स्केलरमध्ये जेसन एलिमेंट उलगडायचा कोड घालत बसतात. ते करू नका. ग्राफक्यूएल डॉट नेटच्या पॅकेजमध्ये याचा कन्व्हर्टर आहे, रिक्वेस्ट त्याच्या सिरियलायझरकडूनच वाचून घ्या.

त्याच कंट्रोलरमधल्या रिक्वेस्टच्या क्लासमध्ये अजून एक खाच आहे. न्यूटनसॉफ्ट प्रॉपर्टीच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक माफ करतं. एखादा जुना क्लायंट "ऑपरेशननेम" मोठ्या ओ ने पाठवत असेल, तर ते आजवर चाललं; सिस्टम टेक्स्ट जेसन थेट, मूळ ऑप्शन्सवर वापरलंत तर यापुढे गुपचूप नल येईल.

थोडक्यात उरलेल्या

उलट दिशेने, म्हणजे न्यूटनसॉफ्टकडे जाताना, "सिंक्रोनस ऑपरेशन्स आर डिसअलाउड" ही एरर येते आणि पहिलं उत्तर सापडतं ते "अलाउ सिंक्रोनस आयओ" सुरू करण्याचं. ते सुरू केलंत तर लोड आल्यावर थ्रेड अडकून बसतील. केस्ट्रेलने (डॉट नेटच्या वेब सर्व्हरने) ते बंद ठेवलंय ते याच कारणाने.

जेसन सिरियलायझर ऑप्शन्सचा नवा ऑब्जेक्ट प्रत्येक रिक्वेस्टला बनवू नका. टाइपची माहिती त्या ऑब्जेक्टवर कॅश होते. एकच बनवा, स्टॅटिक ठेवा.

जेसन डॉक्युमेंट डिस्पोज झाल्यावर त्याचं एलिमेंट वापरू नका. ठेवायचं असेल तर आधी क्लोन करा.

न्यूटनसॉफ्टच्या कॅमलकेस काँट्रॅक्ट रिझॉल्व्हरने (नावांचं पहिलं अक्षर लहान करणाऱ्या सेटिंगने) डिक्शनरीच्या कीजही बदलतात. हाताने रिस्पॉन्स लिहिणाऱ्यांकडे क्वेरीतली एलियससुद्धा (क्लायंटने फील्डला दिलेली स्वतःची नावं) त्यात सापडतात. नव्या लायब्ररीत त्यासाठी वेगळी पॉलिसी आहे, ती कोरी ठेवा. एलियस क्लायंटने लिहिलं तसंच परत गेलं पाहिजे.

मी बदल करतो तेव्हा

आधी आठवडाभर खऱ्या क्वेरी आणि त्यांचे कच्चे रिस्पॉन्स साठवतो, वैयक्तिक माहिती झाकून. मग त्याच क्वेरी नव्या सिरियलायझरवर चालवतो आणि बाइट-बाइट तुलना करतो. पार्स करून तुलना करणारी टूल मी पहिल्या फेरीत वापरत नाही, कारण त्यांना ४.० आणि ४ सारखेच दिसतात. फरक शेकड्यांनी निघतात, पण त्यांचे प्रकार सात-आठच असतात. प्रत्येक प्रकार वहीत लिहितो आणि त्यासमोर कोणत्या क्लायंटला तो दिसेल हे लिहितो. ज्या प्रकारासमोर नाव लिहिता येत नाही, त्याच्यासाठी मोबाइलच्या टीमशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि त्यांचा पार्सिंगचा कोड स्वतः वाचतो.